कळंबचा किनारा आणि बर्फावरची कालवे

नालासोपारा स्थानकावर उतरून पश्चिमेला निर्मळच्या रस्त्याने निघाले, की केळीच्या, फुलांच्या आणि भाजीपाल्याच्या वाड्या लागतात. त्या संपल्या की सुरूची झाडे आणि त्यापलीकडे कळंबची लांबरुंद वाळू. जवळच अर्नाळा आणि राजोडी. सुटीच्या दिवशी येथे मुंबईकरांची गर्दी उसळते. खाणावळींतून तळलेल्या बोंबलांचा आणि कोळंबीच्या कालवणाचा वास सुटतो.

पाहुण्यांपैकी एखादा मात्र विचारतो, "परदेशात बर्फावर मांडलेली कच्ची कालवे लिंबू पिळून खातात, तशी इथे का मिळत नाहीत?" पॅरिस, न्यूयॉर्क येथे अशा खास खाणावळी आहेत. मुंबईच्या बड्या हॉटेलांतही हा थाट पाहायला मिळतो. आपल्या कोळणी मात्र कालवे आणि तिसऱ्या शिजवूनच खाऊ घालतात. यात मागासलेपणा काही नाही, उलट शहाणपण आहे.

कालव खडकाला चिकटून वाढते, तिसरी रेताड चिखलात. दोघांचेही पोट पाणी गाळून भरते. पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात साठते. पाणी निर्मळ तर शिंपलीही निर्मळ. पाण्यात सांडपाणी आले, तर विषमज्वराचे, काविळीचे जंतूही आत. वसईची खाडी काय, वैतरणेची काय, त्यांच्या काठची गावे आता शहरे झाली आहेत, हे विसरून चालणार नाही.

"पण बर्फात ठेवले तर?" असे कोणी म्हणेल. दुधाचा धंदा करणाऱ्यांना याचे उत्तर ठाऊक आहे. स्वच्छ काढलेले दूध थंड केले तर टिकते. घाणेरड्या भांड्यातले दूध थंड केल्याने स्वच्छ होत नाही. गारव्याने जंतूंची वाढ मंदावते, पण ते मरत नाहीत. लिंबाने किंवा दारूनेही मरत नाहीत. १९२४-२५ च्या ऐन हिवाळ्यात न्यूयॉर्क, शिकागो आदी शहरांत दूषित कालवांमुळे सुमारे १,५०० लोकांना विषमज्वर झाला आणि त्यांतले सुमारे १५० दगावले. त्यानंतर अमेरिकेत कालवांच्या पाण्याची तपासणी सुरू झाली. १९८८ साली चीनमधील शांघाय शहरात अर्धवट शिजवलेल्या शिंपल्यांतून जवळजवळ तीन लाख लोकांना कावीळ झाली. आज जेथे कच्ची कालवे विकतात, तेथे पाणी तपासलेले असावे लागते आणि गरज पडल्यास कालवे स्वच्छ पाण्यात ठेवून मग बाजारात आणतात. एवढे करूनही धोका पूर्ण जात नाही.

म्हणून कळंबला, अर्नाळ्याला किंवा कोकणात कोठेही गेलात, तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शिंपले जिवंत घ्यावेत. उघडे शिंपले टिचकी मारून मिटले नाहीत, तर टाकून द्यावेत. शिजताना तोंड उघडल्यावर आणखी पाच मिनिटे उकळावेत. न उघडलेला शिंपला खाऊ नये. समुद्राचे पाणी लालसर झाले असेल, तर त्या दिवसांत शिंपले घेऊच नयेत. तेव्हाचे विष शिजवूनही जात नाही. यकृताचा विकार किंवा मधुमेह असलेल्यांनी, गरोदर बायांनी कच्च्याच्या वाटेला जाऊ नये.

मासे गावी न्यायचे असतील, तर उन्हाळ्यात एक किलो मासळीला एक किलो बर्फ धरावा. एक थर बर्फ, एक थर मासळी असे रचावे आणि वितळलेले पाणी निथळू द्यावे. सरबतातल्या बर्फाकडेही लक्ष असू द्यावे. खाण्यास अयोग्य बर्फात निळा रंग घालण्याची सक्ती महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली केली. पेल्यातला बर्फ निळसर दिसला, तर तो परत करावा; आणि पांढरा असला, तरी तो कोणत्या पाण्याचा, हे विचारायला लाजू नये.

किनाऱ्यावर मुलेबाळे घेऊन अवश्य जावे. समुद्र पाहावा, वाड्या पाहाव्यात, आणि ओल्या नारळात शिजवलेल्या गरमागरम तिसऱ्या भाकरीशी खाव्यात. चार दिवसांच्या हौसेपायी महिनाभराचे अंथरूण कशाला धरायचे?