ढाबळीतलं गणित

आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर रस्ते एकमेकांना छेदतात, पण गच्चीवर चढलं की आधी कबुतरांचं घुमणंच कानी येतं. आज निळ्या नराला राखी-तांबडी मादी लावली. गंमत अशी, की या जोडीची तांबडी पिल्लं सगळी नर, निळी सगळी माद्या! रंगाचं हे जनुक लिंगगुणसूत्रावर असतं आणि मादी पिल्लाला ते फक्त बापाकडून मिळतं. पंखावर पिसं फुटली की नर-मादी ओळखता येतात. डार्विनने १८५५पासून कबुतरं पाळली, पण जनुकं त्याला ठाऊक नव्हती. (बिचारा!) रंगापायी घराची ओढ घालवणारे शौकीन मला पटत नाहीत. सकाळी नाशिकहून सोडलेलं पाखरू दुपारपर्यंत परतलं नाही, तर रंग कितीही देखणा असो, त्याची जोडी मी लावत नाही.