टानबाख ओढ्याचे गाव

जर्मनीच्या नकाशावर म्योडलारॉइट हे नाव शोधावयाचे तर भिंग हाती घ्यावे लागते, आणि भिंग घेऊनही ते सापडेलच असे नाही. बव्हेरिया प्रांताच्या ईशान्य कोपऱ्यात होफ नावाचे एक शहर आहे. तेथून उत्तरेस दहा-पंधरा किलोमीटरांवर, टेकड्यांच्या एका उथळ खळग्यात हे गाव वसले आहे. वस्ती अवघी चाळीस-पन्नास माणसांची. उतरत्या छपरांची घरे, त्यांना लागून गोठे आणि धान्याची कोठारे, मधोमध एक लहानसे तळे, आणि गावाच्या पोटातून वाहणारा टानबाख नावाचा ओढा. ओढा कसला, ओहळच तो! आपल्याकडील एखादे शाळकरी पोर तो सहज उडी मारून ओलांडील. तो पुढे एका मोठ्या नदीला मिळतो. त्या नदीचे नाव 'झाले'. मराठी वाचकाने ते क्रियापद समजू नये! जर्मनीतील ती एक बऱ्यापैकी मोठी नदी आहे.

नावातील 'रॉइट' हा शब्द आम्हांस मुद्दाम उलगडून सांगावासा वाटतो. जंगल तोडून, मुळे खणून लागवडीखाली आणलेली जमीन, असा त्याचा अर्थ. या मुलुखात अशी 'रॉइट'ने संपणारी गावे पावलोपावली भेटतात. वाग्नरच्या संगीतनाट्यांमुळे जगभर ठाऊक झालेले बायरॉइट हे त्यांतलेच थोरले भावंड. म्हणजे मध्ययुगात कोणी कष्टाळू कुळंबी येथे आले, त्यांनी सूचिपर्णी झाडांचे रान मोडले आणि शेते काढली. जमीन उंचावरची, थंडी कडक. या भागाला थट्टेने 'बव्हेरियाचा सैबेरिया' म्हणतात. मे महिना उजाडला तरी येथील शेतकऱ्याचा हिमावर विश्वास बसत नाही.

आमचे भाचे न्यूरेंबर्गला नोकरीस असतात. त्यांच्याकडे पाहुणचारास गेलो असता, राजवाडे आणि देवळे पाहून झाल्यावर, 'आता एखादे खेडे दाखवा' असा आग्रह आम्ही धरला आणि त्यांनी आम्हांला येथे आणले. खेडे पाहावयाचे म्हणून आम्ही गेलो. पाहिली ती एक शीव. तिचीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

गावात शिरताच ओढ्याच्या काठी जुने दगड रोवलेले दिसतात. आपल्याकडे शिवेवर धोंडे असतात तसेच हे, फक्त घडीव. ते १८१० सालचे आहेत. एका अंगाला 'के. बी.' म्हणजे बव्हेरियाचे राज्य, आणि दुसऱ्या अंगाला 'एफ. आर.' म्हणजे रॉइसचे संस्थान, अशी आद्याक्षरे त्यांवर कोरलेली आहेत. सोळाव्या शतकापासूनच हा ओढा दोन सत्तांमधील हद्द होता. पश्चिमेकडे बायरॉइटचे सरदार होते. त्यांचा मुलूख पुढे प्रशियाकडे गेला, मग नेपोलियनने तो जिंकला आणि १८१० मध्ये बव्हेरियाच्या पदरात टाकला. पूर्वेकडे मात्र रॉइस घराण्याची सत्ता अबाधित राहिली.

या रॉइस संस्थानिकांचा एक परिपाठ सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. घराण्यात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचे नाव हाइनरिख ठेवावयाचे, असा त्यांचा कुळाचार. सगळेच हाइनरिख म्हटल्यावर ओळखावयाचे कसे? तर क्रमांकाने. घराण्याची थोरली पाती शंभरापर्यंत मोजीत जाई व मग पुन्हा एकापासून आरंभ करी. धाकटी पाती दर शतकाच्या सुरुवातीला नव्याने मोजणी सुरू करी. त्यामुळे हाइनरिख सदुसष्टावे, हाइनरिख बाहत्तरावे असे राजे इतिहासात खरोखरच होऊन गेले. दक्षिण महाराष्ट्रात पटवर्धनांच्या संस्थानांची नावे लक्षात ठेवताना दमछाक झालेल्या आमच्या वाचकांना यावरून काही दिलासा मिळावा.

राजे दोन असले तरी गाव एकच होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शाळा आणि पांथशाळा ओढ्याच्या पूर्वेस, रॉइसच्या हद्दीत. देवपूजेला मात्र सर्वांनी जावयाचे ते बव्हेरियातील शेजारच्या ट्योपेन गावच्या चर्चमध्ये. बव्हेरियाची पोरे सकाळी ओढा ओलांडून परराज्यातील शाळेत जात, त्यांचे वडील संध्याकाळी तोच ओढा ओलांडून परराज्यातील बिअर पीत, आणि रविवारी परराज्यातील मंडळी इकडच्या घंटेला ओ देत. कर दोन ठिकाणी भरावयाचा, एवढाच काय तो भेद. १९१८ मध्ये जर्मनीतील राजेरजवाडे गेले, १९२० मध्ये रॉइसचा मुलूख थुरिंगिया प्रांतात विलीन झाला. दगड जागच्या जागी राहिले. कोणाला त्यांची अडचण वाटण्याचे कारणच नव्हते.

पुढे जे घडले त्याचे मूळ या गावात नाही, जर्मनीतही नाही. ते लंडनमध्ये आहे. दुसरे महायुद्ध अजून चालू असतानाच, सप्टेंबर १९४४ मध्ये, जर्मनी जिंकल्यावर कोणत्या भागाचा ताबा कोणी घ्यावयाचा याचा करार दोस्त राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी तेथे केला. नव्या रेघा आखण्यापेक्षा प्रांतांच्या व जिल्ह्यांच्या जुन्या हद्दीच बव्हंशी आधारास घेण्यात आल्या. सोय होती, दुष्टावा नव्हता. थुरिंगिया रशियाच्या वाट्यास, बव्हेरिया अमेरिकेच्या वाट्यास. अमेरिकन फौजा १९४५ च्या एप्रिलमध्ये या मुलुखात आल्या आणि जुलैमध्ये कराराप्रमाणे थुरिंगिया सोडून गेल्या. १९४९ मध्ये दोन जर्मन राष्ट्रे उभी राहिली. आणि ज्या ओढ्यावर हाइनरिखाने दगड रोविला होता, तो ओढा जगाच्या दोन तटांमधील खंदक झाला.

तरीही पहिली काही वर्षे ये-जा होती. परवाना दाखवावा लागे, शिपाई हटकीत. पण शेतीभाती आणि सोयरीक चालू होती. घाव बसला तो २६ मे १९५२ या दिवशी. पूर्व जर्मनीच्या सरकारने हुकूम काढला की, सरहद्दीला लागून दहा मीटरांचा पट्टा नांगरून मोकळा ठेवावयाचा, त्यावर पाऊल टाकावयाचे नाही. त्यामागे पाचशे मीटरांचा संरक्षित पट्टा. त्यामागे पाच किलोमीटरांचा प्रतिबंधित प्रदेश. म्योडलारॉइटचा पूर्व भाग सगळाच्या सगळा त्या पाचशे मीटरांत होता! तेथे राहावयास परवाना, पाहुणा आणावयास परवाना, आणि रात्री घराबाहेर पडावयास मनाई. लवकरच गावाच्या मधून पुरुषभर उंचीहून अधिक असे फळ्यांचे कुंपण उभे राहिले. शाळा कुंपणापलीकडे राहिली, चर्चही कुंपणापलीकडे राहिले. पाहणारा कोणत्या बाजूस उभा आहे एवढाच प्रश्न.

त्याच जूनमध्ये सरहद्दीवरील 'अविश्वासू' कुटुंबांना रातोरात उचलून दूरच्या जिल्ह्यांत नेऊन टाकण्याची मोहीम निघाली. थुरिंगियात तिला दिलेले गुप्त नाव होते 'उनगेत्सीफर'. या शब्दाचा अर्थ घरातील ढेकूण, उंदीर, झुरळे वगैरे उपद्रवी जीव. ज्यांच्या पिढ्या त्या मातीत राबल्या, त्यांच्यासाठी त्यांच्याच सरकारने योजिलेला हा शब्द! १९५२ ची ही मोहीम आणि १९६१ ची दुसरी मिळून साऱ्या सरहद्दीवरील अकरा-बारा हजार माणसे घरांना मुकली. म्योडलारॉइटमधील काही कुटुंबे अशीच गेली, काहींनी आधीच ओढा ओलांडून पलीकडचा आसरा घेतला. त्यांचे गुन्हे काय होते म्हणाल, तर कोणाचे आप्त पलीकडे होते, कोणी बोलून चालून तोंडाळ होते. पाच-पन्नास माणसांच्या गावात पलीकडे आप्त नसलेला मनुष्य सापडणार तरी कोठून?

फळ्यांच्या जागी काटेरी तारा आल्या, आणि १९६६ मध्ये बर्लिनसारखीच काँक्रीटची भिंत आली. लांबी सातशे मीटर, उंची तीन मीटर तीस सेंटीमीटर. बर्लिनची भिंत एका महानगरासाठी होती. ही एका खेड्यासाठी. पलीकडील अमेरिकन शिपायांनी गावाला 'छोटे बर्लिन' हे नाव दिले व तेच रूढ झाले. रात्रभर दिव्यांचा लखलखाट असे. पश्चिमेकडून लोक बस भरभरून ही भिंत पाहावयास येत. ५ फेब्रुवारी १९८३ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश हेही येऊन गेले. पूर्वेकडून मात्र तिच्याकडे पाहत उभे राहणे हाच संशयाचा विषय होता.

हे सारे संग्रहालयात वाचीत असताना एका गोष्टीपाशी आम्ही थबकलो. पश्चिमेकडील माणूस भिंतीपलीकडे दिसणाऱ्या नातलगाला हात हालवून खुणावू शके. पूर्वेकडील माणसाने उलट हात हालवावयाचा नाही, असा नियम होता. भाऊ चढावरून हात हालवितो आहे, आणि बहीण अंगणात खाली मान घालून काम करते आहे. असे किती वेळा घडले असेल याची कल्पना करून पाहावी. भिंत, मनोरे, कुत्री, बंदुका यांची वर्णने आम्ही पूर्वीही वाचली होती. पण हालविलेल्या हाताला उत्तर न देण्याची सक्ती हे शिक्षेचे स्वरूप आम्हांला नवे होते.

भिंतीवरून पळून जाण्यात यश आले ते एकट्यालाच. मे १९७३ मध्ये, या भागाची खडान्‌खडा माहिती असलेला एक मनुष्य घरगुती बनावटीची शिडी लावून पलीकडे उतरला.

बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबर १९८९ रोजी उघडली. म्योडलारॉइटला आणखी एक महिना वाट पाहावी लागली. ९ डिसेंबरला येथे पायी जाण्यापुरती वाट मोकळी झाली. योगायोग असा की, त्याच दिवशी जवळच्या होफ शहरात पूर्व व पश्चिम जर्मनीतील निसर्गप्रेमी मंडळी एकत्र जमली होती. चाळीस वर्षे नांगर व माणूस यांपासून दूर राहिल्यामुळे सरहद्दीच्या त्या पट्ट्यात दुर्मीळ पक्षी व वनस्पती तगून राहिल्या होत्या. त्यांचे रक्षण व्हावे, असा ठराव त्यांनी केला. सुमारे चौदाशे किलोमीटरांचा तो पट्टा आता 'हरित पट्टा' म्हणून ओळखला जातो. १७ जून १९९० रोजी यंत्र लावून गावातील भिंत पाडण्यात आली. शंभर मीटरांचा तुकडा, एक मनोरा आणि काही कुंपणे तेवढी संग्रहालयासाठी राखली. सगळेच पाडा, नजरेसमोर नको, असे म्हणणारेही असणार, आणि त्यांचे म्हणणे आम्हांस समजते. तरी तुकडा राखला हे बरे झाले, असे आमचे मत आहे. नाहीतर आजच्या त्या हिरव्यागार काठावर उभे राहून यातले काहीही खरे वाटणार नाही.

जर्मनी ३ ऑक्टोबर १९९० रोजी एक झाली. गाव मात्र कागदोपत्री एक झाले नाही, आणि आजही नाही. हे ऐकून आम्ही चकित झालो. ओढा अद्याप बव्हेरिया व थुरिंगिया यांची प्रांतसीमा आहे. पश्चिमेकडील घरे ट्योपेनच्या कारभाराखाली, पूर्वेकडील गेफेलच्या. दोन नगराध्यक्ष, दोन टपालांक, दूरध्वनीचे दोन संकेतांक, मोटारींच्या पाट्या दोन तऱ्हांच्या, मुलांच्या शाळाही निरनिराळ्या. इकडचे लोक भेटल्यावर देवाचे नाव घेऊन 'ग्र्यूस गॉट' म्हणतात, तर तिकडचे 'गुटेन टाग' म्हणजे नुसता शुभ दिवस चिंतितात.

बेळगाव भागातील आमच्या वाचकांना यात काही ओळखीचे वाटेल. १९५६ च्या प्रांतरचनेत चंदगड तालुका एका बाजूस गेला, बेळगाव दुसऱ्या बाजूस. पाट्यांची लिपी बदलली, कचेऱ्या बदलल्या. त्या रेघेची आपापली दुःखे आहेत आणि त्यांवर या पानांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. पण चंदगडची बस सकाळी बेळगावला येते, आणि मामाच्या घरी जावयास भाच्याला परवाना लागत नाही. म्योडलारॉइटची आजची सीमा आहे ती या जातीची. १९५२ पूर्वीही ती याच जातीची होती. मधली सदतीस वर्षे तीच रेघ, त्याच दगडांवरून जाणारी, माणसे गिळणारी झाली होती.

आता तेथे कुरकुर ऐकू येते ती सुट्ट्यांची. ३१ ऑक्टोबर हा मार्टिन ल्यूथरच्या धर्मसुधारणेचा दिवस. थुरिंगियात त्या दिवशी सुट्टी, बव्हेरियात कामाचा दिवस. दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, सर्व संतांचा सण. तेव्हा बव्हेरियात सुट्टी आणि थुरिंगियात शाळा. ओढ्याच्या एका काठी पोरे खेळत असतात, आणि दुसऱ्या काठी त्यांचे सवंगडी पाठीला दप्तर लावून बसची वाट पाहत उभे असतात. हात मात्र दोन्हीकडून हालतात.