रीगाला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून जा

गेल्या वर्षभरात नागपुरातल्या चार-पाच घरांतून मला एकच फोन आला. "दादा, पोरगं रीगाला शिकाले गेलं, आम्ही भेटाले चाललो, काय काय लागते?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा इथे एकदाचं लिहून टाकतो. माझी भाची तिथे शिकते. मार्चमध्ये मी आणि ताई नऊ दिवस राहून आलो.

रीगा म्हणजे लाटवियाची राजधानी. बाल्टिक समुद्राच्या काठावर तीन छोटे देश आहेत, त्यातला हा मधला. अख्ख्या देशाची लोकसंख्या २० लाखांच्या आत, म्हणजे आपल्या नागपूर शहराहूनही कमी. तरी तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत आपली पोरं भरपूर आहेत.

व्हिसा शेंगेनचा. मोठ्या माणसाला ९० युरो फी, किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पण अगदी १५ दिवसांवर आणू नका. कागद अपुरे निघाले तर दीड महिनाही लागतो. मुलाच्या निवास परवान्याची प्रत, विद्यापीठाचं पत्र, तुमचं बँक स्टेटमेंट, हे सगळं खरं असेल तर एजंटाची गरजच नाही. इथल्या एकाने आम्हाला "हॉटेलचं बुकिंग आपण बनवून टाकू, हजार रुपये वेगळे" म्हटलं होतं. आम्ही हात जोडले. खोटा कागद सापडला तर तुमचा व्हिसा तर जातोच, पुढच्या प्रत्येक अर्जातही ती नोंद आडवी येते.

भारतातून रीगाला थेट विमान नाही. दिल्ली-मुंबईहून इस्तंबूल, हेलसिंकी किंवा फ्रँकफर्टमार्गे जावं लागतं. हेलसिंकी-फ्रँकफर्टला उतरलात तर इमिग्रेशन तिथेच होतं, म्हणून पुढच्या विमानाला किमान अडीच-तीन तास हातात ठेवा आणि कागदांची फाइल चेक-इन बॅगेत टाकू नका. रीगा विमानतळावरून २२ नंबरची सिटी बस अर्ध्या तासात शहरात सोडते. टॅक्सीवाल्याशी घासाघीस करायची गरज नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिथे कोणालाही "तुम्ही रशियातलेच ना" असं म्हणू नका. माझ्या पिढीने स्वस्तातली सोव्हिएत पुस्तकं वाचलेली, आपल्या मनात त्या नावाला एक ओलावा आहे. तिथे तसं नाही. १९१८ साली स्वतंत्र झालेला हा देश १९४० मध्ये सोव्हिएत संघाने गिळला, मग नाझी आले, मग पुन्हा सोव्हिएत, ते थेट १९९१ पर्यंत. आम्ही होतो तेव्हा २५ मार्च आला. सकाळी बघतो तर घराघरांवर काळी फीत बांधलेले झेंडे. १९४९ साली याच तारखेपासून चार-पाच दिवसांत ४२ हजारांवर माणसं, त्यात बायका-पोरं आणि म्हातारी, मालगाड्यांत भरून सायबेरियाला पाठवली होती. स्वातंत्र्य स्मारकापाशी लोक शांतपणे फुलं ठेवत होते. भाषण नाही, भोंगा नाही. आपल्याकडे एवढ्या गर्दीत चार नेत्यांचे बॅनर लागले असते.

याच लोकांनी २३ ऑगस्ट १९८९ ला टॅलिन ते रीगा ते विल्नियस अशी हातात हात घालून साखळी केली. जवळपास २० लाख माणसं, सहाशेच्या वर किलोमीटर. आपल्या समृद्धी महामार्गाच्या लांबीशी ताडून बघा. तेव्हा रस्त्यावर रशियन ऐकू आली, आणि भरपूर येते, तरी सुरुवात "लाब्दिएन" (नमस्कार) आणि शेवट "पाल्दिएस" (धन्यवाद) असा करा. दोन शब्दांनी दुकानदाराचा चेहरा बदलतो. तसा या भाषेचा आपल्याशी दूरचा गोतावळा आहे: देवाला ते "दिएव्स" म्हणतात, शेजारचे लिथुआनियन "दिएवास". शेवटचा "स" म्हणजे आपला "देवः" मधला विसर्गच.

थंडीचं. मार्च म्हणजे आपल्याकडे कूलर काढायची वेळ, तिथे बर्फ वितळायची. डिसेंबरात दुपारी पावणेचारला सूर्य मावळतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड. एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा तीन पातळ थर घाला, वरून वारा अडवणारं जाकीट. जुन्या शहरात दगडी फरसबंदी आहे, चांगल्या पकडीचे बूटच हवेत. ताईची चप्पल बॅगेतच राहिली. आणि वर बघून चाला. बर्फ वितळताना छपरावरून बर्फाचे सुळे खाली पडतात. फुटपाथवर लाल-पांढरी पट्टी लावलेली दिसली की समोरच्या बाजूने जा. घरासमोरच्या फुटपाथवरचा बर्फ तिथे काढावाच लागतो. आपण मात्र त्याच फुटपाथवर गाडीसाठी रॅम्प बांधतो. असो.

खायचं काय? स्टेशनजवळच मध्यवर्ती बाजार आहे, १९३० पासूनचा. झेपेलिन नावाच्या प्रचंड हवाई जहाजांसाठी बांधलेले हँगर वापरून पाच मंडया उभारल्या: मासे एकीकडे, मटण एकीकडे, दूध-दही एकीकडे, भाजी एकीकडे. कॉटन मार्केटचं काय करायचं यावर बैठका घेणाऱ्यांनी एकदा बघून यावं. शाकाहाऱ्यांनी "बेज गाल्यास" (मांसाशिवाय) हे पाठ करा, कारण तिथल्या वाटाण्याच्या उसळीतही डुकराचं मांस असतं. राईची काळी पाव, केफिर (आपल्या ताकाचा भाऊ), बटाटे, यावर ताईचं छान निभलं. पाणी नळाचं प्या.

बघण्यासारखं पुष्कळ आहे. जुनं शहर, अल्बर्टा रस्त्यावरच्या नक्षीदार इमारती, रेल्वेने अर्ध्या तासावर युर्मालाचा समुद्र. पण आईबाप म्हणून गेलात तर एक दिवस फोटो बाजूला ठेवा. मुलाची खोली बघा, विद्यापीठात जाऊन हजेरी विचारा. विद्यापीठाने नाव काढलं की निवास परवानाही जातो. "पार्ट टाइममधून फी निघून जाते" हे इथल्या एजंटांचं पेटंट वाक्य आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्यात खोलीभाडं आणि किराणा निघाला तरी खूप. मला तिथे विदर्भातलाच एक पोरगा भेटला, पाठीवर जेवणाच्या डिलिव्हरीची पेटी, बोटं थंडीने फुटलेली. घरी त्याने ऑफिसात काम आहे म्हणून सांगितलंय. "काका, तिकडं कोणाले सांगू नका," म्हणाला. नाव, गाव सांगत नाही. पण मेडिकलला पाठवणाऱ्यांनी तर पैसे भरण्याआधीच विचारावं: अभ्यासक्रम ५४ महिन्यांचा आहे का, तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप आहे का, रुग्णांशी कोणत्या भाषेत बोलायचं? आपल्या वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांत हे आकडे स्पष्ट आहेत. एजंट ते सांगत नाहीत.

२३-२४ जूनला जाऊ नका. त्यांचा लीगो सण असतो, सगळं शहर गावाकडे जातं आणि दुकानं बंद. भारताचा दूतावास आता रीगातच आहे, पत्ता आणि नंबर कागदावर लिहून ठेवा.

बॅगेचं शेवटचं. पोरासाठी संत्री नेऊ नका. युरोपात बाहेरून ताजी फळं न्यायला प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियनला. तूप, पनीर, खवाही चालत नाही. सावजी मसाला, चिवडा आणि लोणच्याची बरणी मात्र आमची सुखरूप पोचली.