हात आवरताना

नव्या मुली आमच्या विभागात रुजू झाल्या की पहिल्या दिवशी मी त्यांना बाळ दाखवत नाही, बेसिन दाखवते. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढायच्या, बाह्या कोपराच्या वर घ्यायच्या आणि दोन मिनिटं हात धुवायचे. गेल्या तुकडीतल्या एकीच्या लग्नाला पंधरा दिवसही झाले नव्हते. हातभर हिरवा चुडा. बांगडी फुटली तरी ‘वाढवली’ म्हणणारी आपली भाषा; नव्या नवरीला ‘उतरव’ म्हणून सांगणं जिवावर येतं. मी काही न बोलता माझी मनगटं पुढे केली. बावीस वर्षं ड्युटीवर ती मोकळीच आहेत. तिने साबण लावून एकेक काकण उतरवलं आणि रुमालात बांधलं.

लोक म्हणतात, ‘आमचं बाळ काचेत ठेवलंय.’ खरं तर आमच्या जिल्हा रुग्णालयातली बहुतेक बाळं उघड्या वॉर्मरवर असतात, वरून ऊब आणि खाली दुपट्याच्या गुंडाळीचं घरटं. या खोलीत येण्याआधी मुली नर्सिंगमध्ये जीएनएमची तीन वर्षं किंवा बीएस्सीची चार करून येतात. मग शासनाचं नवजात बाळांच्या काळजीचं चार दिवसांचं प्रशिक्षण आणि मोठ्या रुग्णालयात दोन आठवडे निरीक्षण. पण कॉलेजातली सरावाची बाहुली चांगली गुटगुटीत असते. समोरचं बाळ असतं ९८० ग्रॅमचं, साखरेच्या किलोच्या पुड्याहूनही हलकं.

म्हणून आधी गणित. या बाळाच्या अंगात रक्त असतं ८०-९० मिली, कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढं. तपासणीला एक मिली काढलं तर ते मोठ्या माणसाचं ५०-६० मिली काढण्यासारखं. त्यामुळे काढलेला प्रत्येक थेंब कागदावर चढतो. जेंटामायसिनची नेहमीची कुपी दोन मिलीची, तिच्यात औषध ८० मिलिग्रॅम. किलोभराच्या बाळाला त्यातलं लागतं चार-पाच मिलिग्रॅम. दशांशचिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो. म्हणून एकीने सौम्य करायचं, दुसरीने स्वतंत्रपणे मांडून बघायचं, आणि दोघींची उत्तरं जुळल्यावरच सिरिंज बाळाजवळ न्यायची. इथे मैत्रिणीवर विश्वास ठेवायचा नसतो, आणि तिनेही ते मनाला लावून घ्यायचं नसतं.

गणित शिकवता येतं. बघणं शिकवायला वेळ लागतो. मी स्वतः ते चुकून शिकले.

नोकरीचं पहिलंच वर्ष, रुग्णालय दुसरं, रात्रपाळी. वॉर्मर ओरडायला लागला. पडद्यावर बाळाचं तापमान ३५.२. हवं ३६.५ ते ३७.५. मी घाबरून टोपडं घट्ट केलं, मोजे चढवले, तक्त्यावर आकडा लिहिला. तरी तो चढेना. इन्चार्ज सिस्टर आल्या. त्यांनी हात धुतले आणि चक्क मागे बांधून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “हा लाल का दिसतोय गं?” मग हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला लावली, नंतर तळपायांना. पोट ऊबदार आणि पाय गार असते, तर बाळ गारठायला लागलंय असं समजायचं. इथे दोन्ही तापले होते. चिकटपट्टी सुटून तापमानाचा प्रोब दुपट्याच्या घडीखाली सरकला होता. मशीन कापडाचं तापमान मोजत होतं, बाळ गार आहे समजून ऊब वाढवत होतं, आणि मी त्याला साथ देत होते. बाळ निवलं, सावरलं. सिस्टर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “मशीनला बाळ दिसत नाही. तुला दिसतं.”

तेव्हापासून माझा नियम : हात मागे, अर्धा मिनिट नुसतं बघायचं. रंग कसा आहे? बरगड्यांखाली खळगा पडतोय का? नाकपुड्या फुलताहेत का? कण्हल्याचा आवाज येतोय का? श्वासाला आधार देणाऱ्या सीपॅपच्या बाटलीतले बुडबुडे चालू आहेत ना? अपुऱ्या दिवसांची बाळं मध्येच श्वास घ्यायचं विसरतात. अशा वेळी कित्येकदा तळव्याला बोटाने चोळलं तरी आठवतं. पण विसरलंय हे दिसायला तर हवं.

बघण्यातून काय निघतं, याची एक गोष्ट मी मुलींना सांगते. १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांची बाळं सांभाळत. उन्हाळ्यात त्या बाळांना अंगणात उन्हात नेत. एकदा डॉक्टरांच्या फेरीत त्यांनी एक बाळ उघडं करून दाखवलं. सगळ्या अंगाचा पिवळेपणा फिकटला होता, फक्त एक त्रिकोण गर्द पिवळा होता. तिथे चादरीचं टोक आलं होतं. काविळीवर उजेड चालतो, हे तिथून पुढे १९५८ मध्ये डॉक्टरांनी शास्त्राला धरून मांडलं. आमच्याकडे रात्रभर जळणारे निळे दिवे त्या त्रिकोणातून आले.

दिसल्यावरही हात आवरावाच लागतो. प्रत्येक स्पर्शाने या बाळांचा प्राणवायू खाली येऊ शकतो. लंगोट, तापमान, नळीतून दूध, कूस बदलणं, सगळं एका वेळी उरकायचं आणि मग निजू द्यायचं. हौशी मुलींना हे जड जातं. सेवा म्हणजे सतत काहीतरी करत राहणं, असं त्यांना वाटत असतं.

आमचा हात आवरतो तो दुसऱ्या एका हातासाठी जागा करायला. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात एडगर रे या डॉक्टरांनी बाळांना आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. आज आमच्याकडेही रोज तेच चालतं. पण दारात एखादी आजी हळूच सांगत असते, “साताचं जगतं सिस्टर, आठाचं जगत नाही.” मी म्हणते, “आजी, पोटात जितके जास्त दिवस, तितकं चांगलं.” त्यांना पटत नाही, आणि सुनेचा बाळाकडे हात जात नाही.

मागच्या महिन्यातली एक आई अशीच. डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या उतरवायला सासूची ना. नव्या मुलीने, त्याच नवरीने, आपली मोकळी मनगटं पुढे केली. बांगड्या उतरल्या. पहिले दोन दिवस ती बाई बाळ छातीशी घेऊन दगडासारखी बसली. मी रोज एकच सांगत होते, “काही करू नका. बघत राहा.”

पाचव्या दिवशी दुधाच्या वेळेला वीस मिनिटं होती. पडद्यावरचे सगळे आकडे जागेवर, बाळ शांत. मी तक्ता भरत होते.

“सिस्टर, याला भूक लागलीय.”

मी वळून बघितलं. मूठ तोंडाशी आली होती, ओठ हलत होते. मला दिसलं नव्हतं.

मी त्या मुलीला वाटी-चमचा आणायला सांगितलं, आणि माझे हात मागे घेतले.