मेंढा गावची मोजणी

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या वाटेने सुमारे ३० किलोमीटर गेले म्हणजे मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहानसे गाव लागते. माझा पुतण्या वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी. बांबूवर निबंध लिहावयाचा म्हणून त्याने येथे येण्याचा हट्ट धरला, आणि घरच्या वडील मंडळींनी सोबतीला मला धाडले. फाल्गुन सरत आला होता. पहाटेपासून बायकामुले मोहाची फुले वेचीत होती.

शिकलेला मुलगा गावकऱ्यांना चार गोष्टी सांगेल, अशी आमची समजूत होती. ती पहिल्याच संध्याकाळी उतरली. ग्रामसभेत एका बाईने शांतपणे विचारले, "तुमाले पदवी भेटन, गावाले काय भेटन, दादा?" पुतण्यापाशी उत्तर नव्हते, मजपाशीही नव्हते. अखेर असे ठरले, की त्याने बांबूच्या मोजणीत हात लावावा आणि जाण्यापूर्वी आकडे सभेत वाचून दाखवावे. येथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. आमच्या घरी दिवाळीचा फराळसुद्धा सर्वसहमतीने ठरत नाही, ही गोष्ट अलाहिदा.

या गावाची अभ्यासाची आवड आजची नव्हे. 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल आणि गावचे देवाजी तोफा यांच्या प्रयत्नाने येथे अभ्यासगट रुजले: गावकरी व बाहेरचे जाणते एकत्र बसावयाचे, विषय फोडावयाचा, आणि निर्णय मात्र ग्रामसभेने घ्यावयाचा. पुढे वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक-परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पूर्वी जो बांबू कागदगिरणीसाठी तोडला जाई, तो आता कोणता व किती तोडावा, हे गावालाच ठरवावे लागते. हक्क मिळाला तरी हिशेब कोणी आयता करून देत नाही.

मोजणीस आम्ही पाच-सहा तरुणांबरोबर गेलो. दोरीने चौकोन आखावयाचा, त्यातील प्रत्येक रांझी (बांबूचे बेट) पाहावयाची, आणि कोवळे, जून व वाळके बांबू वेगवेगळे लिहावयाचे. पुतण्याने दिवसभरात वहीची तीन पाने भरली. जाड ते जून, बारीक ते कोवळे, असा त्याचा हिशेब. संध्याकाळी एका मुलीने ती पाने पाहिली आणि हसू आवरून त्याला परत रांझीपाशी नेले. बांबू एकाच पावसाळ्यात आपली पुरती जाडी घेतो. पुढे तो उंचही होत नाही, जाडही होत नाही. वय कळते ते पेरांवरील खोळींवरून, अंगावरच्या पांढुरक्या भुकटीवरून, रंगावरून. तिने कोयत्याच्या मुठीने दोन बांबू ठोकून दाखविले. आवाज निराळे होते. "तुमच्या वहीपरमानं तोडलं असतं, तर यंदाचेच गेले असते," ती म्हणाली. कोवळे बांबू पुढच्या कोंबांना पोसतात. ते गेले की रांझी खंगते. पुतण्याचे तोंड पाहण्यासारखे झाले होते. हे त्याने पुस्तकात वाचलेले होते!

परत येताना एका म्हाताऱ्याने सांगितले, की हा बांबू माणसाच्या आयुष्यात एखाददुसऱ्या वेळीच फुलतो, आणि फुलला की सारा मरतो. म्हणून बी पडल्यावर रोपे गुरांपासून कशी राखावयाची, हे नातवांना आताच ठाऊक हवे.

चौथ्या दिवशी पुतण्याने सभेत आकडे वाचले. पहिल्या दिवसाची तीन पाने त्याने काट मारून बाजूला ठेविली होती. सभेने तीच मागून घेतली. पुढच्या खेपेच्या मुलांना शिकविताना ती दाखवावयाची होती.