विचित्र कोळंबी

इंजिनीअरिंग कॉलेजच्या मॅगझिनमध्ये जीवाश्मावर लेख? तोसुद्धा मेकॅनिकलच्या मुलीचा? थांबा, पान उलटू नका. यात मशीन ड्रॉइंगसुद्धा आहे!

१८९२ साली व्हाइटीव्ह्ज नावाच्या संशोधकाने कॅनडातल्या माउंट स्टीफन डोंगरावरचे काही जीवाश्म तपासले. बाकदार, काटेरी, पेरापेरांचे. त्याला वाटलं, हे डोकं नसलेल्या कोळंबीचं धड. नाव ठेवलं अ‍ॅनोमॅलोकॅरिस, म्हणजे विचित्र कोळंबी. पुढे १९११ मध्ये वॉलकॉटने जवळच्याच बर्जेस शेल खडकातल्या एका गोल चकतीचं वर्णन केलं. दिसायला अननसाच्या कापासारखी. तो म्हणाला, ही जेलीफिश! १९८५ मध्ये व्हिटिंग्टन आणि ब्रिग्ज यांनी सगळं जुळवून दाखवलं. ‘कोळंबी’ हा एका मोठ्या प्राण्याचा पुढचा पंजा आणि ‘जेलीफिश’ हे त्याचं तोंड. पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातला शिकारी! पार्ट ड्रॉइंग्ज हातात होती, असेंब्ली कोणी केलीच नव्हती.

हे वाचलं आणि मला माझी रूममेट आठवली.

ती परभणीची. फर्स्ट इयरला पहिले दोन महिने माझ्याशी धड बोललीच नाही. मी फोनवर शाळेतल्या मैत्रिणींशी इंग्लिशमध्ये बोलायला लागले की ही वही घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. मेसलाही एकटीच जायची. मी लेबल लावून मोकळी: गर्विष्ठ!

एकदा माझी समजून तिची वही उघडली. शेवटच्या पानावर माझीच फोनवरची इंग्लिश वाक्यं, खाली मराठीत अर्थ, काहींपुढे प्रश्नचिन्ह. ती शिकत होती.

त्या रात्री मीच विषय काढला. ती म्हणाली, “मला वाटायचं तूच शिष्ट आहेस. मराठीत बोलायचीच नाहीस.” आता काय सांगणार? कॉन्व्हेंटमुळे माझं मराठी ऐकून सगळे हसतात, म्हणून मी गप्प! शेवटी सांगूनच टाकलं. मग दोघी पोट धरून हसलो. या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ तिनेच तपासलेत.

गोष्ट इथे संपत नाही. २०१२ मध्ये कळलं की ती चकती अ‍ॅनोमॅलोकॅरिसची नव्हतीच, त्याच्या एका भाऊबंदाची होती. त्याच्या स्वतःच्या तोंडाची ठेवण वेगळीच!

म्हणजे लेबल नेहमी पेन्सिलनेच लिहावं. आमचे ड्रॉइंगचे सर हे पहिल्या दिवसापासून सांगत होते.