गोगलगाईचा शंख आणि आपली हाडे

हाडांच्या ठिसूळपणाविषयी आपण या पानांतून पुष्कळ वाचले असेल. गोगलगाईच्या शंखाविषयी बहुधा काहीच वाचले नसेल. सत्तरीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत मलाही त्या विषयात शिरण्याचे कारण पडले नव्हते. परंतु नातवंडांसाठी काचेची मत्स्यपेटी घरात आली, नातवंडे शिक्षणासाठी परगावी गेली आणि पेटी आजी-आजोबांच्या गळ्यात राहिली, अशी घरे आता कमी नाहीत. मासा आजारी पडला तर तो कडेला तरंगतो, खाणे सोडतो, आपल्याला कळते. त्याच पेटीतल्या गोगलगाईचे दुखणे मात्र महिनोन्‌महिने कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण ते तिच्या पाठीवर, शंखावर उमटते, आणि शंख म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तू असेच आपण धरून चालतो.

शंखाचा फार मोठा भाग कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडू आणि संगमरवर ज्याचे असतात त्याच द्रव्याचा असतो. त्यावर प्रथिनाचा एक पातळ थर असतो. घराच्या भिंतीला रंग द्यावा तसा तो आतल्या चुन्याचे पाण्यापासून रक्षण करतो. गोगलगाईच्या अंगावर प्रावार नावाची मऊ त्वचेची घडी असते, तिच्यातून हे द्रव्य पाझरते आणि शंखाच्या तोंडाशी थर चढत जातो. लांबी वाढते ती केवळ तोंडाकडे. टोकाकडची वेटोळी म्हणजे तिचे बालपण. शंखातला तो सर्वांत जुना आणि झिजलेला भाग. म्हणून दुखणे बहुधा टोकापासून सुरू होते. आधी रंग उडतो, मग पांढरे चट्टे येतात, मग खळगे पडतात. तोंडाची कड कागदासारखी पातळ होऊन तुटू लागली, तर नव्या बांधकामालाही माल कमी पडतो आहे असे समजावे.

आमच्याकडे हे प्रथम पाहिले ते माझ्या यजमानांनी. तीन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि तेव्हापासून पेटीजवळची खुर्ची हे त्यांचे मुख्य ठाणे झाले. एके दिवशी मला हाक मारून म्हणाले, “अगं, हिचा शंख बघ, माझ्या एक्स-रेसारखा दिसतोय.” पिवळ्या रंगाच्या तीन गोगलगाई होत्या, बाजारात ज्यांना मिस्ट्री स्नेल म्हणतात त्या. तिघींच्याही टोकाला पांढरे खळगे पडले होते.

कारण पाण्यात होते. पेटी मुळात निऑन टेट्रा या इवल्या माशांसाठी मांडलेली. त्यांना सुफेन आणि किंचित आम्लधर्मी पाणी मानवते, म्हणून तीत आरओचे पाणी आणि लाकडाचा एक ओंडका होता. आरओच्या गाळणीत पाण्यातले कॅल्शियम जवळजवळ निघून जाते, आणि भिजलेले लाकूड पाणी हळूहळू आम्लधर्मी करते. माशांना जे सुखाचे, तेच गोगलगाईच्या शंखाला विरघळवणारे. पाण्याचा पीएच ७ च्या खाली गेला की कार्बोनेट झिजू लागते. अशा पाण्यात आपण कितीही कॅल्शियमयुक्त खाणे घातले, तरी एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते. माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि खाद्याच्या डब्यावर ती कोठेही छापलेली नसते.

मासे शेजारच्या मुलाच्या पेटीत हलवले, ओंडका काढला. आमच्या सोसायटीच्या कूपनलिकेचे पाणी दुष्फेन आहे. साबणाला फेस येत नाही म्हणून आपण ज्याला नावे ठेवतो ते हेच. गोगलगाईंना ते अमृत. मात्र बदल एकदम करू नये. दर आठवड्याला पेटीतले चौथा हिस्सा पाणी काढून तेवढेच नवे घालावे. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी असेल, तर ते आदल्या रात्री उघड्या बादलीत भरून ठेवावे किंवा क्लोरीन मारणारे औषध वापरावे. पाणी तांब्याच्या हंड्यातले मात्र कधीही घेऊ नये. आपल्या पिढीला तांब्याचे पाणी आरोग्यदायी वाटते, पण गोगलगाईला तांबे विष आहे. माशांच्या काही औषधांतही तांबे असते, तेव्हा बाटलीवरची अक्षरे भिंग लावून वाचावीत.

पेटीत समुद्रफेन टाकावा. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. पोपट पाळणाऱ्यांना तो ठाऊक असतो. हा माकूळ या सागरी प्राण्याच्या अंगातला पांढरा, हलका, चुन्याचा सांगाडा. आधी तरंगतो, थोडा उकळून टाकला की एकदोन दिवसांत बुडतो. अंड्याचे कवच उकळून, वाळवून, कुटून घातले तरी चालते. तळाशी संगमरवराची खडी पसरता येते. खडी खरी कोणती हे पाहायचे तर तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. चुनखडी वा संगमरवर असेल तर बारीक बुडबुडे येतील. आपला काळा दगड किंवा गारगोटी असेल तर काहीच होणार नाही. पानाचा चुना मात्र टाकू नये. तोही कॅल्शियमचाच, पण इतका दाहक अल्कधर्मी की लहानशा पेटीतले पाणी क्षणात बिघडवून टाकील. खाण्यात उकडलेला दोडका, काकडी, घेवडा द्यावा आणि उरलेले त्याच दिवशी काढावे. पालकावर भिस्त ठेवू नये. त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवते. ही गोष्ट आपल्या ताटातल्या पालकालाही लागू आहे.

या कामात एक धोका आहे, आणि तो गोगलगाईला नसून आपल्याला आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. वाकून वीस लिटरची बादली उचलणे ठिसूळ मणक्याला परवडणारे नाही. अशा झटक्याने मणका दबून मोडू शकतो. आम्ही तीन लिटरचा लहान डबा वापरतो, फेऱ्या अधिक होतात. पाणी काढताना फरशीवर जाड टॉवेल पसरलेला असतो, आणि फरशी कोरडी होईपर्यंत यजमान खुर्चीतून उठत नाहीत. ओल्या फरशीने एकदा आमच्या घरात काय केले ते आम्ही पाहिले आहे.

दोन महिन्यांनी तिन्ही शंखांच्या तोंडाशी गुळगुळीत, चकाकत्या पिवळ्या रंगाची नवी पट्टी दिसू लागली. जुने खळगे होते तिथेच राहिले. ते भरून येत नाहीत. झिजलेला थर आतून थोडा जाड होतो, पण बाहेरचे व्रण कायमचे. वाईट काळ कोठे संपला, ती रेघ शंखावर स्पष्ट वाचता येते.

इथे यजमानांनी एक निष्कर्ष काढला, जो आपल्यापैकी अनेकांनी काढला असता. गोगलगाईला कॅल्शियम वाढवून गुण आला, तर मीही गोळ्या दुप्पट का घेऊ नयेत? डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला. त्यांना पूर्वी मूतखडा झालेला. वरून अधिक कॅल्शियम घेणे त्यांच्या हिताचे नव्हते. शिवाय शंख आणि हाड या दोन वस्तूच वेगळ्या. शंख कार्बोनेटचा, हाड कॅल्शियम-फॉस्फेट आणि प्रथिनाच्या जाळीचे, रक्त खेळणारे. शरीरातले सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते, आणि हाड आयुष्यभर थोडे मोडले जाते, थोडे नव्याने बांधले जाते. शंखाचा खळगा राहतो तसा हाडाचा राहत नाही. उतारवयात मोडणे बांधण्याहून पुढे जाते, एवढीच आपली अडचण. आणि बांधकाम व्हायचे तर हाडावर भार पडावा लागतो. पडण्याच्या भीतीने दिवसभर बसून राहणाऱ्या माणसाचे हाड गोळ्या घेऊनही झिजत राहते. पेटीत जे आम्ल पाणी करत होते, ते आमच्या घरात खुर्ची करत होती.

प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते, पेलाभर दुधात २००च्या वर. दही, तीळ, काट्यांसकट खाता येणारे छोटे मासे यांचा हिशेब मांडल्यावर गोळीची गरज किती उरते ते डॉक्टर ठरवतील, ‘ड’ जीवनसत्त्वाचेही तेच पाहतील. कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यावी. थायरॉईडची गोळी चालू असेल, तर दोहोंत चार तासांचे अंतर ठेवावे. सकाळी सगळ्या गोळ्या एकाच वाटीत काढून देणाऱ्या सुनांनी आणि मुलांनी हे जरूर लक्षात घ्यावे. फिजिओथेरपिस्टने यजमानांना खुर्चीतून हाताच्या आधाराविना उठण्याचा व्यायाम दिला आहे. आम्ही खुर्ची पेटीपासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली, आणि गोगलगाईंना खाणे घालण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. दिवसातून चार-पाच वेळा तरी त्यांना काठी घेऊन तिथवर जावे लागते. ते कुरकुरतात, मी ऐकून घेते.

नातवंडे पावसाळ्यात बागेतली मोठी तपकिरी गोगलगाय पाळायला आणतात, त्यांना मात्र प्रेमाने थांबवावे. आफ्रिकन राक्षसी गोगलगाय ही १८४७ मध्ये कोलकात्यात आणली गेली आणि पुढे देशभर पसरली. शेतकऱ्यांची ती वैरी आहे. तिच्यात मेंदूच्या आवरणाला सूज आणणारे सूक्ष्म कृमी असू शकतात. उघड्या हाताने तिला उचलू नये. पेटीतल्या गोगलगाईला हात लावल्यावरही साबणाने हात धुवावेत.

गेल्या महिन्यात झाकणाच्या खाली, पाण्याच्या वर, फिकट गुलाबी अंड्यांचा घोस चिकटलेला दिसला. या अंड्यांनाही चुन्याचे कवच असते, तेही आईच्याच साठ्यातून खर्च होते. अंडी घातल्यावर तिला कॅल्शियम थोडे अधिक मिळावे. परदेशी जातीची ही पिल्ले नाल्यात वा तळ्यात जाऊ नयेत, म्हणून मी तो घोस अलगद खरवडून पिशवीत बांधला, दोन दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवला आणि मगच कचऱ्यात टाकला. यजमानांना ते आवडले नाही. त्यांनी उठून पेटीत समुद्रफेनाचा नवा तुकडा टाकला.